चौतीस जणींचा पाळणा

मधुमालती लॉन्सच्या मागच्या खोलीत सहा गाद्या होत्या, सहा उशा, सहा पातळ दुलया आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलेली सहा यंत्रं. प्रत्येक यंत्र साबणाच्या डबीएवढं. पाठीवर कागदाची पट्टी, तिच्यावर मुलाचं नाव आणि एक आकडा: २१८, २२२, २२६, २३०, २३४, २३८. मी दोनदा मोजलं. बाहेर हिरवळीवर खुर्च्या एकशे वीस, पाळणा एक, खांबांवर लाउडस्पीकर चार, आणि कुंपणाशी हवेने फुगवलेला, छप्पर असलेला प्लास्टिकचा किल्ला. नाशकात सगळे त्याला ‘जंपिंग’ म्हणतात. सहाही मुलं त्यात उड्या मारत होती.

संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. बारसं माझ्या भाच्याचं होतं. मी त्याची एकुलती एक आत्या.

“शर्वाणी, सगळी चालू आहेत ना?” केतकी वहिनी दारातून आत डोकावली. नऊवारीचा काष्टा एका हाताने सावरत होती. “साडेसातला पोरांना जेवायला घालायचं, आठला सगळी आडवी. आणि सव्वाआठला मी टेबलाशी बसून पुरी खाणार आहे. फुगलेली. साडेचार वर्षांत घरच्या एकाही कार्यात मी फुगलेली पुरी खाल्लेली नाही, माहितीये?”

“वाढप्याला सांगून ठेवू?”

“हसू नकोस. तुझं लग्न होऊ दे, मग बघते.”

वहिनी गेली आणि तिच्या मागोमाग मिहिका आली. माझी भाची, वय साडेचार, परकर-पोलकं घामाने पाठीला चिकटलेलं. पाणी प्यायली आणि कट्ट्यावरच्या यंत्रांकडे बघून म्हणाली, “आत्या, आज पाडणार?”

हा शब्द मुलांचा होता. आम्ही मोठी माणसं ‘निजवणं’ म्हणायचो, ती ‘पाडणं’ म्हणायची.

“जेवण झाल्यावर. आई पाडेल.”

“तू नाही ना?”

“मी नाही. मी आज तुला बोटसुद्धा लावणार नाही.”

“शपथ?”

“शपथ.”

ती पळत परत जंपिंगकडे गेली.

*

यंत्राचं नाव ‘निजानीज’. मी ते बनवणाऱ्या कंपनीत कामाला होते. माझं काम घरोघरी जाऊन यंत्र मुलाला जुळवून देणं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याहून लहान असा पेशींचा पुंजका आहे. तो जागा झाला की बाकी मेंदू झोपतो. झोप हळूहळू येते असं आपल्याला वाटतं, पण आतमध्ये ती दिव्याच्या बटणासारखी आहे: इकडे किंवा तिकडे. ‘निजानीज’ पहिले एकवीस दिवस उशीजवळून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी त्या पुंजक्यावर एकवटतं आणि बटण दाबतं. त्याच क्षणी ते एक ऐकू येणारा आवाजही काढतं. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तो शाळेतला प्रयोग आठवा. एकवीस दिवसांनंतर ध्वनिलहरींची गरज उरत नाही. नुसता आवाज पुरतो.

मराठी घरांसाठी कंपनीने आवाज निवडला ‘जो जो’. दोन लांब, सारखे स्वर. एकाच्या आवाजाने दुसरं मूल पडू नये म्हणून प्रत्येकाला वेगळी पट्टी. पट्ट्यांवरचे आकडे म्हणजे तीच, दर सेकंदाला होणारी स्वराची कंपनं. मिहिकाची २३०. बरोबर त्या पट्टीत, एका कंपनाचाही फरक न पडता, आठ सेकंद ‘जो जो’ कानावर पडलं तर मूल झोपतं. नाही पडलं तर काही होत नाही.

ही झोप साधीही नव्हती. आईबापांना मूल उचलून गाडीत घालायचं असतं, आजीकडे सोडायचं असतं, म्हणून पहिली वीस मिनिटं हाक, उजेड आणि स्पर्श यांची दारं मेंदू बंद ठेवतो. नाकातोंडावर पांघरूण आलं की झोपेतलं मूल मान वळवतं. या वीस मिनिटांत तेही नाही. माहितीपत्रकाच्या नवव्या पानावर एक ओळ होती: ‘पहिले अर्धे मिनिट वगळता तीव्र वेदनेचे दार सुरक्षेसाठी उघडे ठेवले आहे.’ ती ओळ कुणी वाचत नसे. मला ती पाठ होती.

मिहिकाचं यंत्र मीच जुळवलं होतं. त्याआधी दादा-वहिनीच्या घरी आठपासून साडेदहापर्यंत रोज युद्ध चालायचं. पाणी, शू, गोष्ट, परत पाणी. रिसेप्शनला दादा एकटा जायचा. वहिनीची इस्त्री केलेली साडी पलंगावर पडून राहायची आणि मिहिका तिच्यावर झोपायची. यंत्र आल्यावर वहिनी दोन महिन्यांत पाच समारंभांना गेली. सोसायटीतल्या आणखी पाच घरांनी माझा नंबर मागून घेतला.

बाविसाव्या दिवशी मी वहिनीला म्हटलं होतं, “आता तू तुझ्या आवाजात म्हणून बघ. चाचणी करायची असते.”

वहिनीने मिहिकासमोर मांडी घातली आणि मिनिटभर ‘जो जो’ आळवलं. मिहिका खदखदा हसली. “आई, तू म्हशीसारखी गातेस!”

“बघ. मी गायले तर झोपलेलं मूल उठेल.”

माणसाचा आवाज एका पट्टीवर आठ सेकंद टिकत नाही, तो थरथरतो, घसरतो. मी नोंदवहीत लिहिलं: मानवी आवाज, प्रतिसाद शून्य, सुरक्षित. आणि खाली सही केली. सहा घरांत, सहा वेळा. प्रत्येक वेळी एकच बाई गात होती.

*

साडेसहाला बाळाला पाळण्यात घातलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. मी वाकून बाळाच्या कानात “कुर्रर्र” केलं आणि नाव सांगितलं: अभिमान. त्याच क्षणी ठरल्याप्रमाणे सगळ्या बायकांनी माझ्या पाठीत बुक्के घातले. आत्याने नाव ठेवलं की तिला बुक्के खावेच लागतात.

“घाला गं, जोरात घाला! हातात सापडलीये आत्याबाई!” वहिनीची मावशी ओरडली.

“अहो मावशी, हाडं मोडतील!”

“मोडू देत. तुझ्या मशीनने माझ्या नातवाला सहाला झोपवतात आणि मला भेटायला कुणी राहत नाही!”

मी मोजले. अकरा. शेवटचा वहिनीचा, बांगड्यांसकट, आणि कानाशी तिचं हसू.

मग पाळणा. माझ्या आईने, म्हणजे अभिमानच्या आजीने, स्वतः रचला होता. आई तीस वर्षं बालवाडी चालवत होती. पाच कडवी, प्रत्येकात बाळाच्या एकेका पूर्वजाचं नाव, आणि प्रत्येक कडव्याशेवटी लांबवलेलं ‘जो जो’. कुणीतरी पाळण्याजवळ माइक आणून ठेवला. चौतीस बायका गायला लागल्या. आई वरच्या पट्टीत, मावशी खालच्या, बाकीच्या जिला जिथे जमेल तिथे.

पहिल्या कडव्याशेवटी त्या दमल्या, लवकर थांबल्या. दुसऱ्यालाही. तिसऱ्या कडव्यात माझी आणि माझ्या न झालेल्या लग्नाची चेष्टा होती, सगळ्या हसल्या. चौथं कडवं वर्षापूर्वी गेलेल्या माझ्या बाबांचं होतं. त्यामुळे त्याचं ‘जो जो’ त्यांनी मनापासून लांबवलं.

मी माइकपासून चार पावलांवर उभी होते आणि मनात एक साधा विचार आला: काय बेसूर गातायत.

दुसरा विचार यायला तीन सेकंद लागले. एका बाईचा आवाज थरथरतो, पट्टी सोडतो. पण चौतीस जणी असल्या की एक घसरते तिथे दुसरी येते. दोनशे दहापासून अडीचशेपर्यंत एकही पट्टी रिकामी राहत नाही. ऐकणाऱ्या कानाला सगळे सूर सलग लागलेले असतात. त्या सुरात गाणाऱ्या असत्या, तर फार तर एक मूल पडलं असतं.

“थांबा!” मी ओरडले. “गाणं थांबवा!”

“गप गं, बाबांचं कडवं आहे,” दादा म्हणाला.

मी जंपिंगकडे वळून पाहिलं. उड्या थांबल्या होत्या.

*

पुढच्या गोष्टी मी नंतर व्हिडिओत वेळ लावून पाहिल्या. पहिलं मूल आणि सहावं मूल पडण्यात अकरा सेकंदांचं अंतर होतं. अन्वित उडीच्या टोकावर असताना झोपला आणि खांद्यावर आदळला. सोळंक्यांची धाकटी घसरगुंडीच्या कडेवर तोंडावर पडली. दोन दात तिथेच पडले. बाकीची आत कोलमडली.

किल्ल्याची राखण करणारा सोपान नावाचा माणूस पंख्याशेजारी उभा होता. किल्ला सतत हवा मारणाऱ्या विजेच्या पंख्यावर फुगलेला राहतो. सोपानने पाहिलं की सहा मुलं एकाएकी पडली आणि एकही हलत नाही. शहाण्या माणसाने करावं तेच त्याने केलं. “करंट! करंट लागला!” असं ओरडून त्याने पंख्याची पिन उपटली.

छप्पर बसायला लागलं.

मी धावले. माझ्या पुढे अन्वितचे वडील होते. त्यांनी सोपानला पकडलं आणि पहिलाच ठोसा त्याच्या जबड्यावर मारला. तो पिनेसकट खाली पडला, आणि तिघे त्याला लाथा मारायला लागले.

“पंखा लावा! करंट नाहीये, पंखा लावा!” मी ओरडत होते. पिन सोपानच्या अंगाखाली होती. सोपान त्यांच्या पायांखाली होता.

किल्ल्याचं प्लास्टिक ऐंशी किलोचं. ते बाहेरून ओढायला दहाबारा माणसं लागली असती आणि ओढताना आतल्या चेहऱ्यांवरून घासत गेलं असतं. त्या प्लास्टिकखालची मुलं मान वळवणार नव्हती. खोकणार नव्हती, हातपाय झाडणार नव्हती. नाकावर प्लास्टिक घेऊन ती शांतपणे झोपून राहणार होती, वीस मिनिटं.

मी जाळीच्या तोंडातून आत शिरले.

अन्वित तोंडाशीच होता. मी त्याच्या थोबाडीत मारली. काही नाही. हात मागे नेला, सगळा खांदा घालून मारली. तो किंचाळून उठला. “बाहेर पळ!” सोळंक्यांची धाकटी रक्तात तोंड घालून पडली होती, तिला दोन लागल्या. तिसऱ्याच्या कानावर बसली. नंतर कळलं की पडदा फाटला. बाहेर मारल्याचा आवाज आणि किंकाळ्या ऐकू जात होत्या. कुणीतरी म्हणालं, “आत कोण मारतंय पोरांना?”

पुढे हात उगारायला जागा उरली नाही. छप्पर पाठीवर आलं होतं. चौथ्याचा कान धरून पिळला, तो फाटेपर्यंत. पाचवीच्या बोटाचं नख उलटं दाबलं. दोघंही रडत, रांगत माझ्या पायांवरून उजेडाकडे गेली.

मिहिका सगळ्यात आत होती. पिवळं प्लास्टिक तिच्या चेहऱ्यावर ओल्या कापडासारखं बसलं होतं आणि श्वासाबरोबर हलत नव्हतं. मी ते खांद्याने उचललं. ओठ जांभळे.

मी तिला चिमटा काढला. आता लिहिताना मला माहीत आहे की तो हलका होता. दुसराही हलका होता. मधल्या साताठ सेकंदांत मी फक्त “मिहू, मिहू” म्हणत होते. हाक ऐकण्याचं दार बंद असतं हे मीच सहा घरांत समजावून सांगितलं होतं.

मग मी तिचा हात तोंडाशी घेतला आणि कोपराच्या चार बोटं खाली चावले. कातडी तुटल्याचं दातांना कळलं, तरी सोडलं नाही.

तिने डोळे उघडले. श्वास असा ओढला की माझ्या गालाला वारा लागला. समोर माझा चेहरा होता, तोंडाला तिचं रक्त.

“आत्या,” ती म्हणाली. आणि मग किंचाळली.

*

मला पाय धरून बाहेर ओढलं. वेणी कुणाच्या तरी मुठीत होती. वहिनीने मिहिकाचा हात पाहिला, मग माझं तोंड पाहिलं.

“चावलीस? माझ्या पोरीला चावलीस?”

पहिला बुक्का तिचाच, पाठीत, मघाच्याच जागी. मग मावशीचा. मग कुणाची चप्पल, कुणाचं पाण्याचं तांब्याचं भांडं. मघाचे अकरा मी मोजले होते. हे मोजता आले नाहीत. बरगडी मोडते तेव्हा आवाज बाहेर येत नाही, तो आतून ऐकू येतो. दादा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सोपानचं रक्त होतं. त्याने मला मारलं नाही, आणि कुणाला अडवलंही नाही.

थांबवलं ते आईने. तिने माइक हातात घेतला आणि बालवाडीच्या आवाजात म्हणाली, “पोरं मोजा!”

हात थांबले.

“रडणारी किती? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाच्या सहा रडतायत. रडतायत म्हणजे श्वास घेतायत. अगं केतकी, ती आत गेली तेव्हा एकाचा तरी आवाज होता का? आठव!”

सोपान मागे पडल्या पडल्या, मोडलेल्या जबड्यातून काहीतरी बोलत होता. जवळ गेल्यावर कळलं: “पिन लावू का? पिन लावू?”

*

अन्वितचं गळ्याजवळचं हाड, दोन दात, एक कानाचा पडदा, एक फाटलेला कान, एक नख, नऊ टाके. सोपानचा जबडा. माझ्या दोन बरगड्या. कंपनीने यंत्रं परत मागवली आणि चाचणीच्या कागदांवरची माझी सही पोलिसांना दिली. ती माझीच होती. मी तसं लिहून दिलं.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. पण सहाव्या आठवड्यात दादाचा फोन आला. मिहिका पुन्हा साडेदहापर्यंत जागी राहते, ते चालेल. पण जिन्यात कुणाची पावलं वाजली की पलंगाखाली शिरते. डॉक्टरांनी विचारलं होतं की मी मदत करेन का.

झोप शिकायला मेंदूला एकवीस रात्री लागतात. भीती तो एकाच फटक्यात शिकतो. ती पुसायची तर एकच रीत ठाऊक आहे: ज्याची भीती आहे ते पुन्हा पुन्हा, दुरून, काही न करता दिसत राहिलं पाहिजे.

म्हणून दर रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते. मिहिका तिच्या खोलीत पलंगावर बसते, मनगटाला नाडी मोजणारा पट्टा लावून. दार उघडं असतं. मी लांब बोळाच्या टोकाला जमिनीवर बसते आणि दर पाच मिनिटांनी एक लादी पुढे सरकते. तिचे ठोके मिनिटाला एकशे दहाच्या वर गेले की वहिनी हात वर करते. मी थांबते. वहिनी खडूने खूण करते आणि माझ्यापासून पलंगापर्यंतच्या लाद्या मोजते. मग मी घरी जाते. वहिनी हल्ली कुठल्याच समारंभाला जात नाही. पहिल्या रविवारी अंतर तेरा लाद्या होतं. पुढचे तीन रविवारही तेराच.

काल नववा रविवार होता. वहिनी मिहिकाशेजारी बसून मिनिटभर, आपल्या त्याच आवाजात, ‘जो जो’ म्हणाली. मिहिका हसली नाही, झोपलीही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आणखी एक लादी सरकायला निघाले, आणि अर्ध्यात वहिनीचा हात वर झाला.

वहिनी उठली, खाली वाकली. लाद्या मोजल्या, आणि उरलेलं अंतर बोटं आडवी ठेवून मोजलं.

सात लाद्या, चार बोटं.